जंगल कुणाच्या बापाचं? दाजीपूरच्या नाक्यावरून तीनशे वर्षे मागे

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मुरगूडहून आम्ही सहा जण दाजीपूरला निघालो होतो. अभयारण्याच्या नाक्यावर वनरक्षकाने पिशव्या उघडून दाखवायला सांगितल्या. आमच्यातल्या एकाच्या पिशवीतून थर्माकोलच्या ताटल्यांची चळत, प्लास्टिकचे पेले आणि गाणी वाजवायचा भलाथोरला स्पीकर निघाला. हे सगळे इथे ठेवा आणि आत जा, असे सांगताच आमचा मित्र उसळून म्हणाला, "जंगल काय कुणाच्या बापाचं आहे?"

वनरक्षक नुसता हसला. त्याने वस्तू एका कोपऱ्यात रचून ठेवल्या आणि आम्हांला आत सोडले.

प्रश्न उद्धटपणे विचारला गेला होता, हे खरेच. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो काही सोडवेना. दिवसभर गवे पाहताना तोच मनात घोळत राहिला. हे जंगल खरोखर कुणाचे होते? कुणाच्या परवानगीने लोक आत जात होते? आणि आत गेल्यावर कसे वागावे, हे कोण ठरवत होते?

या प्रश्नांची उत्तरे आमच्याच मुलखात सापडतात. मुरगूड हे कागल तालुक्यातले, वेदगंगेच्या काठचे गाव. गावाला सर पिराजीराव घाटगे यांच्या नावाचा तलाव आहे. हे पिराजीराव म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे बंधू. गावावरून जाणारा निपाणी-देवगड रस्ता मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कोकणात उतरतो. आमच्या नदीचे पाणी पाटगावच्या बाजूच्या सह्याद्रीतून येते. म्हणजे नळ सोडला तरी जंगल आणि सुट्टीला बाहेर पडलो तरी जंगल, असे आमचे त्याच्याशी दुहेरी नाते.

आता तीनशे वर्षे मागे जाऊ.

समाजमाध्यमांवर दर शिवजयंतीला एक मजकूर फिरतो. आंबा, फणस यांसारखी झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशा आशयाचा. खाली लिहिलेले असते, 'शिवाजी महाराजांचे पत्र'. मजकूर अस्सल आहे, पण तो महाराजांच्या पत्रातला नाही. तो आहे 'आज्ञापत्र' या राजनीतिपर ग्रंथातला. हा ग्रंथ परंपरेने रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या नावे ओळखला जातो. काळ इ.स. १७१५ च्या सुमाराचा, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतला. अमात्यांची जहागीर गगनबावड्याची. सह्याद्रीच्या याच पट्ट्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला रान म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

तो मजकूर कोणत्या प्रकरणात येतो, हे अधिक बोलके आहे. तो वनसंरक्षणाच्या प्रकरणात नाही, कारण असे प्रकरण त्या ग्रंथात नाहीच. तो येतो आरमाराच्या प्रकरणात. जहाजांना लाकूड लागते. सागासारखे लाकूड राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत. अगदी जीर्ण झालेले झाड हवेच असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. जुलूम सर्वथा करू नये.

यात आजच्या अर्थाने पर्यावरणवाद शोधू नये. अमात्यांना काळजी आहे ती रयतेच्या दुःखाची आणि त्या दुःखातून राज्याला येणाऱ्या उणेपणाची. तरीही एक तत्त्व त्यात स्वच्छ मांडलेले आहे. रानात शिरणाऱ्याच्या हातात सत्ता असली, अगदी सरकारी आरमाराचे काम असले, तरी त्याला मर्यादा आहे. ती मर्यादा झाड वाढायला लागलेल्या काळावरून आणि ते वाढवणाऱ्या माणसावरून ठरते.

याच ग्रंथात दुर्गांच्या व्यवस्थेविषयी जे लिहिले आहे, ते मात्र कुणी फिरवत नाही. मला ते अधिक आवडते. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाला लागून केरकचरा अजिबात पडू देऊ नये, अशी तिथे ताकीद आहे. बरे, तो कचरा गडाखालीही ढकलून द्यायचा नाही. जागच्या जागी जाळायचा आणि त्याची राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला पिकवायचा. कचरा उचलला म्हणजे काम संपले असे नाही, तो जातो कुठे हेही पाहिले पाहिजे, हा विचार अठराव्या शतकाच्या आरंभी गडाच्या कारभाराचा भाग होता. आपण मात्र कड्याच्या टोकाला उभे राहून रिकामी बाटली खाली भिरकावतो आणि ती दिसेनाशी झाली की सुटलो म्हणतो. (जाळण्याचा सल्ला तेवढा आज घेऊ नये. तेव्हाच्या केरात प्लास्टिक नव्हते.)

राजाज्ञेच्या जोडीला देवाची आज्ञा होतीच. सह्याद्रीतल्या देवरायांत सुकी काटकीही उचलू नये, असा दंडक गावोगावी होता. माधव गडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा शोधपूर्वक अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असतानाही या छोट्या राया टिकून असल्याचे दिसून आले. देवरायांवर स्वतंत्र धागा होईल, म्हणून इथे थांबतो.

आता दाजीपूर. संस्थानकाळात हे रान कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. शाहू महाराजांना शिकारीचा दांडगा शौक होता. कोल्हापूर संस्थानातली चित्त्यांकरवी होणारी हरणांची शिकार देशभर प्रसिद्ध होती. चित्ते सांभाळून शिकवणाऱ्यांना चित्तेबान म्हणत. भारतातला चित्ता पुढे १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झाले, हेही सोबत लक्षात ठेवावे. शिकारीच्या वैभवाची हिशेबवही उलटून पाहिली, की दुसऱ्या बाजूला अशा नोंदी सापडतात.

याच महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरण बांधायचा संकल्प सोडला. त्यांच्या कन्या राधाबाई यांच्या नावाने राधानगरी वसली आणि जलाशयाला लक्ष्मी तलाव हे नाव मिळाले. काम पैशाअभावी मध्येच थांबले आणि पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. जलाशयात बेनझीर व्हिला नावाच्या जुन्या वास्तूचे अवशेष आहेत. तलाव भरला की तिला पाणी वेढते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती पुन्हा उघडी पडते. आजच्या भाषेत हे सहलीचे ठिकाणच, फक्त एका माणसाचे.

इथे इतिहासातली एक अवघड गोष्ट समोर येते. राजाने शिकारीसाठी राखले, म्हणून रान राहिले. जुनागढच्या नवाबांचे गीर, म्हैसूरचे बांदीपूर, जयपूरचे रणथंबोर या सर्वांची कथा थोड्याफार फरकाने हीच. इतरांना मनाई होती, म्हणून जनावरे तगली. आणि ही 'इतर' माणसे म्हणजे कोण? रानालगतचे शेतकरी, धनगरवाड्यांवरचे गवळी धनगर, हिरडा आणि मध गोळा करणारे, चुलीसाठी फाटा वेचणाऱ्या बायका. राजा आनंदासाठी रानात येई, ही माणसे पोटासाठी जात.

ब्रिटिश मुलखात ही मनाई कायद्याने आणखी घट्ट झाली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित अशी जंगलांची वर्गवारी केली. कालपर्यंत गावाची असलेली कुरणे आणि डोंगरउतार जंगलखात्याच्या ताब्यात जाऊ लागले. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये या खात्यावर कोरडे ओढले आहेत. गायराने गेली, गुरे चारायची कुठे, हा त्यांचा सवाल होता. १९३० च्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात मिठाबरोबर जंगलही आले. संगमनेर, पुसद, चिरनेर आणि आपल्या शेजारचे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले बिळाशी. तिथल्या लोकांनी राखीव जंगलाचा कायदा मोडला. आमच्या मित्राचा नाक्यावरचा प्रश्न या लोकांनी विचारला असता, तर तो शोभला असता. त्यांनी किंमत मोजली होती.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. राजाचे रान सरकारी झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याआधीच, १९५८ मध्ये दाजीपूर हे गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. ज्या जनावराच्या शिकारीसाठी रान राखले होते, त्याच जनावरासाठी ते राखले जाऊ लागले. (इंग्रज शिकारी गव्याला 'बायसन' म्हणत आणि ते नाव अजूनही पाट्यांवर दिसते. खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला तो गवा.) १९८५ मध्ये विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून मान्य केली. त्यांपैकी महाराष्ट्रातली चार, म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

मधल्या काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला होता. त्यातली २७ आणि २८ ही कलमे सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावीत, असे मला वाटते. अभयारण्यात प्रवेश हा हक्क नाही, तो परवाना आहे. परवाना कशासाठी मिळतो, तर वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी असलेले कायदेशीर कामकाज. वन्यप्राण्याला डिवचू नये आणि अभयारण्याच्या आवारात कचरा टाकू नये, हेही कायद्यात लिहिलेले आहे. ३० वे कलम आगीबद्दल आहे. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे गुन्हा आहे आणि पेटता विस्तव मागे सोडून जाणेही.

त्या यादीतला 'पर्यटन' हा एक शब्द पाहावा. केवळ आनंदासाठी रानात जाणे ही गोष्ट दीर्घकाळ राजाची मिरासदारी होती. ती आता सहज, थोडे शुल्क भरून, मुरगूडच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही मिळते. पण फाटा वेचणाऱ्या बाईचे काय? २९ वे कलम आतली वनसंपदा परवानगीशिवाय काढायला मज्जाव करते. म्हणजे जी सुकी फांदी उचलल्याबद्दल रानाकडेच्या गावातल्या माणसाला जाब द्यावा लागू शकतो, तीच फांदी आपण शेकोटीला मोडतो आणि वर तिच्याभोवती फोटो काढतो.

मला या विषयातली खरी बोच इथे वाटते. मोकळ्या, बिनमालकाच्या जागेत आपण डबा उघडत नसतो. कुणीतरी आपली वहिवाट सोडलेली असते, तेव्हा ती जागा सहलीसाठी उरलेली असते.

आता सहलीच्या जेवणाकडे येऊ, कारण घोळ तिथेच होतो.

वनभोजन आपल्याकडे नवे नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडायची, आवळीभोजन करायचे, ही जुनी रीत. जेवण पत्रावळीवर, आमटी द्रोणात. जेवण झाले की पत्रावळी गोळा करून एका बाजूला टाकायच्या. गुरे येऊन त्या खात, उरल्यासुरल्या पावसात कुजून मातीत जात. टाकून देणे ही तेव्हा बेफिकिरी नव्हती, कारण टाकलेल्या वस्तूला तिथे खाणारे आणि कुजवणारे कुणी ना कुणी होते.

आपण पत्रावळ सोडली आणि टाकून द्यायची सवय ठेवली. सहलीच्या ठिकाणी कचऱ्याचे ढीग का दिसतात, याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे. आपली माणसे एकाएकी वाईट झाली नाहीत. हाताला पिढ्यान् पिढ्यांचे वळण होते आणि हातातली वस्तू मात्र बदलली. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली, तरी हाताचे वळण अधिसूचनेने लगेच कसे सुटावे?

हे मी तिऱ्हाईतासारखे लिहीत आहे, पण मला अधिकार नाही. शाळेत असताना आमची सहल अशाच एका वनक्षेत्रात गेली होती. जेवणानंतर आम्ही ताटल्या एका खड्ड्यात टाकल्या आणि वर पाला पसरला. शिस्तीत काम केले म्हणून आमचे कौतुकही झाले. काही वर्षांनी मी त्याच जागी गेलो. पाल्याची माती झाली होती. थर्माकोलचे पांढरे मणी त्या मातीत तसेच चमकत होते.

उरलेल्या अन्नाचीही तीच तऱ्हा. माकडाला केळे देणे आपल्याला पुण्याचे वाटते. याबाबत अमेरिकेतल्या यलोस्टोनचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १८७२ मध्ये लोकांच्या विरंगुळ्यासाठी राखलेले ते उद्यान. तिथे हॉटेलांच्या उकिरड्यावर अस्वले जमत आणि ती पाहायला पर्यटकांसाठी चक्क बैठका मांडलेल्या असत. अस्वलांना माणसाच्या अन्नाची चटक लागली, माणसे जखमी होऊ लागली आणि मग शिक्षा अस्वलांना झाली. बरीच अस्वले मारावी लागली. उघडे उकिरडे पूर्णपणे बंद व्हायला १९७० साल उजाडले. शंभर वर्षे लागली त्यांना. आपण तेवढी घेऊ नयेत.

म्हणून जेवायला नेमून दिलेली जागा असते, तिथेच जेवावे. ती बाके आणि तो निवारा केवळ आपल्या सोयीसाठी नाही. माणसाच्या अन्नाचा वास रानभर पसरू नये, एका ठिकाणी राहावा आणि सांडलवंड लगेच उचलता यावी, हाही त्यामागचा हेतू असतो. स्टीलचा डबा न्यावा, पाण्याची बाटली घरूनच भरून न्यावी. भात उरला तर तो परत आणावा. खरकटे परत आणायला आपल्याला लाज वाटते, टाकून यायला वाटत नाही.

आगीविषयी थोडे सविस्तर लिहितो. राधानगरीच्या रानात सडे आहेत, जांभ्या दगडाची सपाट पठारे. पावसाळ्यात त्यांवर कमरेएवढे गवत माजते. हिवाळा सरता सरता ते वाळून कोरडेठाक होते. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, म्हणजे ठरावीक पट्ट्यातले गवत आपणहून जाळून मोकळी जागा ठेवते, जेणेकरून वणवा आलाच तर त्याला पुढे खायला काही मिळू नये. कितीतरी मजुरांचे हे उन्हातले काम. जाळरेषेच्या आतल्या बाजूला कुणी चूल मांडून मटण रटरटवले आणि निखारे तसेच सोडले, तर ती सारी मेहनत एका वाऱ्याने वाया जाते. वणव्यात मोठी जनावरे पळू शकतात. जमिनीवर घरटे केलेला पक्षी, कासव, गवतातली पिले यांना पळता येत नाही.

गव्याविषयी. तो दिसायला थोराड, स्वभावाने बुजरा. वाट मोकळी ठेवली की आपणहून रानात शिरतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा वस्तीत आला होता, ते अनेकांना आठवत असेल. बघ्यांची गर्दी, आरडाओरडा, तासन् तास धावाधाव. शेवटी तो दगावला. अभयारण्यात गाडीतून उतरून, शिट्टी मारून, गव्याने मान वर करावी म्हणून धडपडणारा माणूस त्याच गर्दीतला असतो, फक्त एकटा असतो. शिकारीत हाके घालणारे रान उठवत आणि जनावर बंदुकीकडे हाकलत. आपल्या हातात बंदूक नसते, पण स्पीकर लावला की हाका आपणच घातलेला असतो.

पावसाळ्यात अभयारण्याच्या आतला रस्ता बंद असतो, यावरही लोक रागावतात. त्या दिवसांत कच्ची वाट गाड्यांच्या चाकांखाली चिखलाची होते, सड्यावर नुकती रुजलेली गवते-फुले असतात. रानालाही चार महिने कुणी पाहुणा नको असतो, एवढेच.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही नाक्यावर परतलो. आतमध्ये आम्हांला गव्यांचा कळप दिसला होता. अंजनीच्या झाडावर शेकरू दिसले होते. मित्राचा राग कधीच ओसरला होता. वनरक्षकाने कोपऱ्यातल्या वस्तू मोजून त्याच्या हवाली केल्या. स्पीकर, पेले, ताटल्यांची चळत.

मग तो सहज म्हणाला, "सकाळी विचारलंत ना, कुणाच्या बापाचं म्हणून. माझा बाप याच रानात गुरं चारायचा. आता चारत नाही."

मित्राने ताटल्या पिशवीत कोंबल्या. मुदाळ तिट्ट्यापर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.